वाळू अडवायला वाळूच, पण किती जाड?

गेल्या अंकात फ्रॅक केलेल्या, म्हणजे दाबाने खडकाला चीर पाडलेल्या तेलविहिरींवर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की सैल वाळूच्या थरात फ्रॅक करताना आत भरायचा दाणा हा थरातल्या वाळूच्या पाच-सहापट जाड घेतात. बस्स, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ, रागावू नका.

प्रश्न (उरणहून एक निवृत्त शिक्षक): माझा मुलगा ऑफशोअरला कामाला आहे. तो सांगतो की विहिरीतून वाळू वर येऊ नये म्हणून विहिरीत वाळूच भरतात. घरात सगळे हसले. खरं आहे का हे? आणि मुंबई हायला पण असंच करतात का?

सर, मुलगा खरं बोलतोय, हसू नका त्याला. जळगाव-अकोल्याकडे तापी-पूर्णेच्या गाळात ट्यूबवेल घेतात ना, तेव्हा आत खाचा पाडलेला पाइप सोडतात आणि पाइप नि भोवतालच्या गाळाच्या मधल्या जागेत बारीक खडी ओततात, नाहीतर पंपातून पाण्याबरोबर रेती यायला लागते आणि पंपाची वाट लागते. तेलाच्या विहिरीतही तेच, फक्त खडीच्या जागी नीट चाळलेली वाळू किंवा सिरॅमिकचे गोल दाणे असतात आणि पाइपच्या जागी बारीक फटींची स्क्रीन. याला ग्रॅव्हल पॅक म्हणतात. फ्रॅक ही त्याच्या पुढची गोष्ट, म्हणजे पंपाने जाडसर जेलचा दाब देऊन खडकाला चीर पाडायची आणि ती उघडी असतानाच तिच्यात दाणे ठासायचे, दाब काढला की चीर मिटू बघते पण दाणे तिला मिटू देत नाहीत, तेल त्या दाण्यांमधून विहिरीत येतं. हे दाणे म्हणजे प्रॉपंट. १९४७ साली अमेरिकेत कॅन्ससच्या ह्यूगोटन फील्डवर पहिला प्रयोग झाला, त्या सुरुवातीच्या काळात नदीची चाळलेली वाळू वापरायचे, नंतर काहींनी तर बांधकामाची वाळू खिडकीच्या जाळीतून चाळून टाकली होती म्हणे. आता फ्रॅक आणि ग्रॅव्हल पॅक दोन्ही एकाच दमात केलं की झालं फ्रॅक-पॅक.

मुंबई हायला तेल मुख्यतः चुनखडकात आहे, तिथे वाळूपेक्षा ॲसिडची कामं जास्त. वाळूची कटकट आपल्याकडे मेहसाणाच्या उथळ जड तेलाच्या थरांत, आसामात टिपामच्या वाळूखडकात आणि पूर्व किनाऱ्याला कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात.

प्रश्न (मेहसाणाहून एक प्रॉडक्शन इंजिनियर): आमची वेल (विहीर) १४०० मीटरवर आहे, १० मीटरचा थर. पाणी वाढल्यापासून वाळू यायला लागली, बेलर (वाळू उपसायची लांबट बादली) टाकून काढली, परत आली. आता फ्रॅक-पॅक करायचं चाललंय. कोअरच्या (थरातून कापून काढलेल्या खडकाच्या) नमुन्यांची चाळणी केली तर डी-५० (वजनाने निम्मी वाळू ज्याहून जाड ते माप) सरासरी ९५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डी-४० भागिले डी-९० (४० आणि ९० टक्के वाळू ज्याहून जाड ती मापं) सहा, आणि ४५ मायक्रॉनच्या खालचा चुरा ११ टक्के. सर्व्हिस कंपनीवाले म्हणतात २०/४० सिरॅमिक (हे चाळणीचे नंबर, नंबर मोठा तितका दाणा बारीक), आमचे साहेब म्हणतात ४०/६० शिवाय वाळू थांबणारच नाही, आणि एक सीनियर म्हणतो १६/३० टाका, प्रॉडक्शन बघा कसं वाढतंय. कुणाचं ऐकू?

आधी आकडे दिल्याबद्दल धन्यवाद, नाहीतर लोक नुसतं "वाळू बारीक आहे" एवढंच लिहून पाठवतात आणि मग उत्तर काय द्यायचं. चला, तुमच्या आकड्यांवरच बोलू.

पाच-सहापटीचा नियम सॉसियर नावाच्या संशोधकाचा, १९७४ चा. त्याने लॅबमध्ये खडीच्या पॅकवर वाळू ढकलून बघितली. खडीचा डी-५० वाळूच्या डी-५० च्या सहापटीपर्यंत असला तर वाळू पॅकच्या तोंडाशीच अडते, आत शिरत नाही, पॅक स्वच्छ राहतो. सहाच्या वर गेलं की वाळू थोडी थोडी आत घुसायला लागते आणि पॅकच्या पोकळ्यांमध्येच अडकून बसते, हे सगळ्यात वाईट कारण वाळू थांबते पण तेलही थांबतं. अजून वर गेलं की वाळू आरपार जाते, तेव्हा पॅक मोकळा दिसतो पण मग पॅक टाकलाच कशाला. यामागे साधी भूमिती पण आहे, तीन सारखे गोल एकमेकांना टेकवून ठेवले तर मधल्या फटीतून त्यांच्या व्यासाच्या साधारण साडेसहाव्या हिश्शाएवढाच गोल जाऊ शकतो, त्यामुळे सहा हा आकडा काही हवेतून आलेला नाही.

आता तुमचे ९५ मायक्रॉन. पाचपट ४७५, सहापट ५७०. २०/४० म्हणजे ८५० ते ४२५ मायक्रॉन, मधला दाणा साधारण ६४० धरा, गुणोत्तर पावणेसात. ४०/६० म्हणजे ४२५ ते २५०, मधला ३३५ च्या आसपास, गुणोत्तर साडेतीन. १६/३० म्हणजे ११८० ते ६००, मधला ८९०, गुणोत्तर नऊच्या वर. आणि ज्याचं नाव तुमच्याकडे कुणीच घेतलं नाही तो ३०/५०, म्हणजे ६०० ते ३००, मधला ४५०, गुणोत्तर पावणेपाच. कागदावर बघितलं तर नियमाच्या सगळ्यात जवळ ३०/५० च बसतो.

साहेबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, ४०/६० ने वाळू थांबेल, शंभर टक्के थांबेल. पण किंमत बघा. पॅकमधून तेल किती सहज वाहतं हे दाण्याच्या व्यासाच्या वर्गावर जातं, दाणा अर्धा केला की वाहण्याची क्षमता चौथाई. ही वाहण्याची सहजता म्हणजे परमिएबिलिटी, ती डार्सीत मोजतात, मिलिडार्सी त्याचा हजारावा भाग. लॅबमध्ये स्वच्छ २०/४० ची परमिएबिलिटी १२० डार्सीच्या आसपास येते, ४०/६० ची साधारण ४५. आणि हे स्वच्छ असताना, आत जेलचा गाळ राहतो, ग्वारचं (गवारीच्या बियांपासून केलेलं) जेल पूर्ण तुटत नाही, तो गाळ बारीक दाण्यांच्या पॅकला जास्त मारतो. तुमचं तेल जड असेल तर त्यात अजून भर. वाळू थांबली पण वेल निम्मीच द्यायला लागली तर साहेबच उद्या विचारतील की हे काय केलंत.

१६/३० वाल्या सीनियरला माझ्यातर्फे नमस्कार सांगा, पण तुमच्या वाळूत नको. कारण तुमचा खरा प्रॉब्लेम ९५ हा आकडा नाहीच आहे, तो सहा आणि अकरा हे दोन आकडे आहेत. डी-४० भागिले डी-९० तीनच्या आत असेल तर वाळू एकसारखी, पाचच्या वर गेली की वाळू मिसळलेली, जाड-बारीक सगळं एकत्र. आणि ४५ मायक्रॉनखालचा ११ टक्के चुरा हा तर सॉसियरच्या हिशोबात येतच नाही, सॉसियर बघतो फक्त मधला दाणा. १९९८ मध्ये टिफिन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं की नुसता डी-५० बघू नका, टोकाचा चुरा बघा, आणि चुरा दहा टक्क्यांच्या वर गेला तर साधा ग्रॅव्हल पॅक टिकायला अवघड, तिथे फ्रॅक करून तेलाला यायला जागा मोठी करणं बरं. म्हणजे फ्रॅक-पॅकचा निर्णय तुमचा बरोबरच आहे. पण असा चुरा १६/३० मध्ये शिरला की बाहेर काढायला कुठलाही उपाय धड चालत नाही, ॲसिड मारा, काही करा, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

माझं मत २०/४० किंवा ३०/५०, आणि दोघांत निवडायचं तर थराची परमिएबिलिटी बघून. ती मध्यम असेल, म्हणजे शे-दोनशे मिलिडार्सीच्या आत, तर २०/४० टाका, पावणेसातला घाबरू नका, का ते खाली ह्यूस्टनच्या पत्राला उत्तर देताना लिहिलंय. थर एकदम मोकळा, डार्सीत जाणारा असेल तर ३०/५० वर या. स्क्रीन २०/४० ला १२ गेजची घेतात, म्हणजे फट ३०० मायक्रॉनची, ३०/५० ला त्याहून बारीक लागेल, आणि हे दोन्ही एकाच वेळी ठरवा, कारण दाणा बदलला आणि स्क्रीन आधीच स्टोअरमध्ये येऊन पडलीय असं बऱ्याच ठिकाणी होतं.

पण हे सगळं करण्याआधी नमुने परत बघा, प्लीज. सरासरी ९५ म्हणताय, पण नमुन्यांत एखादा ६० चा आणि एखादा १३० चा आहे का? सरासरीवर डिझाइन करायचं नसतं, वाळू येते ती सगळ्यात बारीक थरातून. पण एखादा नमुना पातळ गाळाच्या पट्टीचा असेल तर त्याच्यासाठी अख्ख्या वेलचा दाणा बारीक करण्यातही अर्थ नाही, कोअरचा फोटो आणि लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेली थराची नोंद) शेजारी ठेवून ठरवा. बेलरने काढलेली वाळू यात मिसळली नाही ना? बेलरमध्ये जाडं राहतं, बारीक तेलाबरोबर वर निघून जातं, आणि उलट सेपरेटरमध्ये (वर आलेलं तेल, पाणी, वायू वेगळं करणाऱ्या टाकीत) सापडलेली वाळू खऱ्यापेक्षा बारीक दिसते, दोन्हींवर भरवसा नको. कोअरचा तुकडा सॉल्व्हंटने धुऊन, सुकवून, खलात रबरी बत्त्याने हलक्या हाताने सुटा केला होता ना? लोखंडी बत्त्याने कुटला असेल तर तुमचा ११ टक्के चुरा लॅबमध्येच तयार झालेला असू शकतो. शेकरवरून चाळण्या उतरवल्या की प्रत्येक चाळणीवरचे दाणे भिंगाखाली धरा, चार बारीक दाणे एकमेकांना चिकटून एक जाडा दाणा बनून बसलेले दिसले तर नमुना नीट सुटलेला नाही आणि तुमचा डी-५० खोटा आहे. हे पाच मिनिटांचं काम आहे पण रिपोर्टमध्ये कुणी लिहीत नाही त्यामुळे कुणी करत नाही.

सिरॅमिकबद्दल एक गंमत. १४०० मीटरवर चीर मिटवायला बघणारा ताण साधारण ३२०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरा, त्यातून वेलमधला वाहता दाब वजा केला की दाण्यांवर येणारा ताण दोन-अडीच हजारच. एवढं चांगली नैसर्गिक वाळूपण सहन करते, तिची हद्द चार ते सहा हजारापर्यंत जाते. म्हणजे इथे सिरॅमिक ताकदीसाठी लागत नाही. तरी मी सिरॅमिकच घेईन, कारण दाणे गोल आणि एका मापाचे असतात, पॅक मोकळा राहतो, आणि फ्रॅक-पॅकला माल शेल नावाच्या घट्ट खडकातल्या फ्रॅकइतका ढिगाने लागतही नाही, रिगच्या भाड्यापुढे तो फरक काहीच नाही. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर मात्र थांबू नका, बॅगा चढवता-उतरवताना, हवेने ढकलताना दाणे घासतात, चुरा होतो, साइटवर कन्व्हेयरवरून नमुना घेऊन परत चाळा. नियम असा की कमीत कमी ९० टक्के माल दोन चाळण्यांच्या मध्ये बसला पाहिजे आणि तळाच्या थाळीत एक टक्क्यापेक्षा जास्त पडता कामा नये.

प्रश्न (ह्यूस्टनहून एक कम्प्लिशन इंजिनियर): लेख आवडला, पण सॉसियरचा नियम फ्रॅक-पॅकला लावणं मला पटत नाही. मेक्सिकोच्या आखातात १९९० नंतर फ्रॅक-पॅक रुळला तेव्हापासून इथे जिथे नियमाने ४०/६० यायला हवा तिथे सर्रास २०/४० टाकतात, काही ठिकाणी १६/३० सुद्धा, आणि वेल्स चालतात. चिरेच्या तोंडाशी तेलाचा वेगच एवढा कमी असतो की वाळू हलत नाही. मग पाच-सहापटीचं ओझं कशाला?

तुमचं म्हणणं निम्मं मला मान्य आहे आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे म्हणून आकडे मांडून सांगतो, वाचक कंटाळले तर कंटाळले.

१० मीटरचा थर घ्या. केसिंगला (विहिरीच्या भिंतीला बसवलेल्या पोलादी पाइपला) फुटाला १२ छिद्रं, प्रत्येक पाऊण-एक इंचाचं, ०.८ धरू. १० मीटरमध्ये झाली सुमारे ३९४ छिद्रं, त्यांचं एकूण क्षेत्रफळ फक्त ०.१३ चौरस मीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा. साध्या ग्रॅव्हल पॅकमध्ये सगळं तेल थरातून निघून तेवढ्याशा जागेतून घुसतं, वेग भयंकर, वाळू येणारच. आता त्याच थरात विहिरीच्या दोन्ही बाजूंना १५-१५ मीटर चीर पाडली तर चिरेच्या दोन्ही भिंती मिळून ६०० चौरस मीटर. साडेचार हजारपटीहून जास्त. वेग तेवढाच कमी, वाळूचा दाणा सुटायला जी ओढ लागते ती उरतच नाही. त्यामुळे चिरेच्या भिंतीशी सातपट, आठपट चालतं हे खरंय. शिवाय जाड दाण्याचा दुसरा फायदा असा की चिरेतलं सगळं तेल शेवटी त्या छिद्रांतूनच येतं, तिथला वेग फ्रॅकने कमी होत नाही, उलट प्रॉडक्शन वाढलं तर वाढतो, आणि तिथे दाणा जाड आणि पॅक मोकळा असला तर बरंच आहे.

आता माझं निम्मं. ते ६०० चौरस मीटर कागदावरचे आहेत. तेल सगळ्या भिंतीतून सारखं येतं का? थराची परमिएबिलिटी ५०० मिलिडार्सी, चीर २० मिलिमीटर रुंद, पॅक १२० डार्सी, चिरेची लांबी १५ मीटर, हिशोब करा, चिरेची वाहण्याची क्षमता भागिले थराची क्षमता येते ०.३ च्या आसपास. म्हणजे तेलाला चिरेपेक्षा थरातूनच यायला सोपं पडतंय, चिरेचं लांबचं टोक बसून आहे आणि बहुतेक सगळं तेल विहिरीजवळच्या दोन-चार मीटरमधूनच घुसतंय. तिथे वेग कमी कुठे झाला? त्याच हिशोबात थर ५० मिलिडार्सीचा धरला तर आकडा तीनच्या वर जातो, मग चीर खरंच लांबपर्यंत काम करते आणि तुमचं म्हणणं पूर्ण लागू पडतं. तुम्ही म्हणाल की म्हणूनच १६/३० टाकतो, पॅकची क्षमता जवळजवळ दुप्पट होते आणि तेल जास्त लांबून येतं, तर हो, ते पण बरोबर, पण वाळू एकसारखी असेल आणि चुरा दोन-चार टक्के असेल तरच. आखातातल्या बऱ्याच वाळू तशा असतात, मेहसाणाच्या पत्रातली नाही.

आणि एक, हे सगळं चीर खरंच रुंद झाली तर. मऊ खडकात दाणे भिंतीत रुततात, दोन्ही बाजूंना जवळपास एकेक दाणा गेला असं धरून चाला. चीर तीन मिलिमीटरची असेल आणि २०/४० टाकला तर त्यातलं मिलिमीटरभर रुतण्यातच संपलं. म्हणून टोकाशी दाणे अडकवून चिरेची लांबी थांबवायची आणि मग पंप चालू ठेवून तिला फुगवायची, ही टिप स्क्रीनआउटची पद्धत. १९८० च्या दशकात उत्तर समुद्रात वालहाल तेलक्षेत्राच्या मऊ चॉकमध्ये (खडूसारख्या चुनखडकात) ती पक्की झाली आणि तिथूनच फ्रॅक-पॅकला बळ मिळालं. टिप स्क्रीनआउट झालाच नाही, चीर लांब आणि बारीक राहिली, तर दाण्याच्या मापावर घातलेला हा सगळा वाद फुकट. जॉबनंतर प्रेशरचा चार्ट बघताना शेवटी नेट प्रेशर (चिरेतला दाब वजा तिला मिटवू बघणारा ताण) चढलं की नाही ते आधी बघा, दाण्याचं नंतर बोलू.

प्रश्न (मस्कतहून): आमच्या एका फ्रॅक केलेल्या वेलमध्ये सँड ट्रॅपमध्ये (वर आलेली वाळू अडवणाऱ्या भांड्यात) दाणे यायला लागलेत. सुपरवायझर म्हणतो फॉर्मेशनची (थराची) वाळू, प्रॉपंट जाड निवडला म्हणून आली. स्क्रीन नाहीये या वेलला. मला शंका आहे.

शंका बरोबर वाटतेय, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, चिमूटभर दाणे सॉल्व्हंटने धुवा आणि भिंगाखाली ठेवा. काळपट-तपकिरी, गुळगुळीत, सगळे एका मापाचे गोल मणी दिसले तर तो तुमचाच सिरॅमिक परत आलाय. थराची वाळू कोनेरी असते, पारदर्शक-पिवळट, मापात काही मेळ नसलेली, मधे अभ्रकाची चकाकी. दोन्ही मिसळून असतील तर वजनाने वेगळं करा, साध्या वाळूची घनता २.६५, मध्यम ताकदीच्या सिरॅमिकची ३.२ च्या आसपास.

प्रॉपंटच परत येत असेल तर तो साइझचा दोष कमी आणि बांधणीचा जास्त. स्क्रीनशिवाय चिरेच्या तोंडाशी दाणे अडवणारं काहीच नाही, तिथे जॉबच्या शेवटच्या भागात रेझिन लावलेले दाणे टाकतात, म्हणजे उष्णता आणि दाबाने ते एकमेकांना चिकटतात. तुमच्याकडे ते टाकले होते का आणि टाकले असतील तर वेल किती वेळ बंद ठेवली ते विचारा, कारण रेझिन धरायच्या आत चोक (प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह) उघडला की सगळं मुसळ केरात. थंड थरात तर रेझिनला ॲक्टिव्हेटर लागतो, तो राहून जातो. आत्ता लगेच काय करायचं तर चोक एक-दोन पायऱ्या मागे घ्या, ट्रॅपमधलं प्रमाण बघा, थांबलं तर तिथेच काही दिवस राहा, आणि मग हळू हळू वाढवा. आणि सुपरवायझरशी वाद घालू नका, भिंगाचा फोटो पाठवा त्यांना.

प्रश्न (पुण्याहून एक पेट्रोलियमचा विद्यार्थी): मेशचा आकडा वाढला की दाणा लहान होतो हे डोक्यात बसत नाही, इंटरव्ह्यूला गडबड होते. आणि हल्ली अमेरिकेत १०० मेश वापरतात असं वाचलं, मग सँड कंट्रोललाही तेच का नाही?

मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती भोकं. एका इंचात २० भोकं असली तर २५.४ मिलिमीटरचे २० भाग, १.२७ मिलिमीटर, त्यातून तारेची जाडी गेली की भोक उरतं ०.८५. ४० भोकं केली की भोक अजून बारीक, ०.४२५. २०/४० म्हणजे २० मधून पडला आणि ४० वर अडकला. इंटरव्ह्यूत अडकलात तर हा भागाकार कागदावर करून दाखवा, खूश होतात.

१०० मेश शेलसाठी. तिथे जेलऐवजी पातळ पाणी मारतात, पाणी जाड दाणे लांब वाहून नेऊ शकत नाही, आणि थर इतका घट्ट असतो, नॅनोडार्सीतला, की बारीक दाण्यांची थोडीशी क्षमताही पुरून उरते. शिवाय पर्मियनमध्ये (टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या तेलपट्ट्यात) २०१७ नंतर विस्कॉन्सिनची महागडी पांढरी वाळू आणण्यापेक्षा टेक्सासच्याच वाळूच्या टेकड्यांतली बारीक वाळू स्वस्त पडायला लागली. तिथे वाळू अडवायचा प्रश्नच नाही. सैल, मोकळ्या थरात १०० मेश टाकाल तर चीर आणि थर यांच्यात काही फरकच राहणार नाही, कशाला पाडली मग चीर.

प्रश्न (कणकवलीहून): आमच्या कासार्डे, फोंडा भागात सिलिका वाळू निघते, काचेला आणि फाउंड्रीला जाते. ती तेलविहिरींना चालेल का? माझा छोटा धंदा आहे म्हणून विचारतोय.

विचारताय ते चांगलं आहे, आणि नाही म्हणण्याआधी टेस्ट करावी असं माझं मत. पण काचेला चालते म्हणून इथे चालेल असं नाही. काचवाल्याला सिलिका किती शुद्ध आणि लोह किती कमी एवढंच हवं, दाणा चौकोनी असला तरी त्याची भट्टी वितळवणारच आहे. इथे दाणा गोल पाहिजे. क्रम्बाइन-स्लॉसचा एक तक्ता असतो, त्यात दाण्याच्या चित्राशी जुळवून गोलाई आणि कोपऱ्यांची घासट बघतात, वाळूला दोन्ही कमीत कमी ०.६ लागतात, सिरॅमिकला ०.७. खडक क्रशरमधून काढून केलेली वाळू इथेच मार खाते, कारण फोडलेला दाणा धारदार असतो, धार दाबाखाली तुटते आणि चुरा होतो. ओढ्या-नाल्यात आधीच घासून सुटी झालेली वाळू असेल तर आशा जास्त.

गोलाईत पास झाली तर पुढे क्रश टेस्ट, ठरावीक दाबाखाली दहा टक्क्यांपेक्षा कमी चुरा झाला पाहिजे आणि तो दाब किमान ४००० पीएसआय यावा. मग १२ टक्के हायड्रोक्लोरिक नि ३ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात २०/४० मापाची वाळू दोन टक्क्यांपेक्षा जास्त विरघळता कामा नये, आणि धुतलेल्या पाण्याचा गढूळपणा २५० एफटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत. हायड्रोफ्लोरिक ॲसिड भयंकर धोकादायक असतं, ते स्वतः हाताळायचा विचारसुद्धा करू नका, लॅबलाच द्या. पनवेलला ओएनजीसीची तेल आणि वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे, तुमच्यापासून तीच जवळ, तिथे बाहेरचे नमुने घेतात का ते एक पत्र पाठवून विचारा. पण त्याआधी घरच्या घरी एक करा, २०, ३०, ४० आणि ५० नंबरच्या चाळण्या आणा, खाणीतल्या तीन-चार वेगवेगळ्या जागांची वाळू धुऊन सुकवून चाळा, आणि २० नि ४० च्या मध्ये किती टक्के राहते ते बघा. शंभर किलोत दहा किलोच बसत असेल तर उरलेल्या नव्वदचं काय करणार हे आधी काचवाल्याला विचारून घ्या, कारण मधला माल काढून घेतलेली वाळू तो त्याच भावात उचलेलच असं नाही.